तारीख नसलेली आठवण

मराठी भाषेने ‘वेड’ या शब्दाचे लाड पुष्कळ केले आहेत. कोणाला नाटकाचे वेड असते, कोणाला पंढरीचे. नातवाचे बोबडे बोल ऐकून आजी ‘वेडा रे वेडा’ म्हणत त्याचा मुका घेते. आणि आईची माया तर नेहमी वेडीच असते. वर्गात हा शब्द आला की मुले हसतात. पण हाच शब्द घरातल्या जित्याजागत्या माणसाला लागण्याची वेळ आली की त्याचे सारे लाड संपतात. मग तो दारे लोटून, आवाज खाली आणून उच्चारला जातो, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर उच्चारलाही जात नाही. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या ओळखीत राहिलेल्या समाजात हे अधिकच. इथे एका घरचा खोकला तिसऱ्या गल्लीत ऐकू जातो आणि सोयरीक जुळवताना मंडळी आजोळापर्यंत चौकशी करतात.

या सदरात आम्ही बहुधा मुलांचा अभ्यास, घरातील वडीलधारी माणसे, भाषेची हेळसांड अशा विषयांवर लिहितो. या महिन्याचा विषय वेगळा आहे, आणि तो आम्ही आमच्या एका मावसबहिणीच्या सांगण्यावरून घेतला आहे. तिला आम्ही ताई म्हणतो. वाचकांनीही तेवढेच म्हणावे. “सगळे लिही, काही गाळू नकोस,” असे ती म्हणाली. “फक्त नाव नको. मला लाज वाटते म्हणून नव्हे रे, नातीचे लग्न व्हायचे आहे म्हणून.”

ताई १९८४ साली १९ वर्षांची होती. तिचे वडील रेल्वेत, बिऱ्हाड जुन्या भोपाळमध्ये, स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर. २ डिसेंबरची रात्र उलटून ३ तारीख लागत असताना तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यातील टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विष हवेत गेले, हे आपण सर्व जाणतो. पाच लाखांहून अधिक माणसांच्या श्वासात ते शिरले. ताई जागी झाली ती खोकतच. शेजारी कोणी मिरच्या जाळीत असावे, असे तिला प्रथम वाटले. त्या रात्रीतून वाचलेल्या कितीतरी लोकांनी हाच वास सांगितला आहे. मग सगळी गल्लीच धावू लागली. ताईच्या हातात तिच्या ९ वर्षांच्या भावाचा हात होता. गर्दीत तो सुटला. मागून “ताई, थांब” असे दोनदा ऐकू आले. मागच्या लोंढ्यापुढे तिला थांबता आले नाही. तिसऱ्या दिवशी हमीदिया रुग्णालयाच्या आवारात तो सापडला, जिवंत नव्हे.

आम्ही तेव्हा इंदुरात आठवीत शिकत होतो. घरी तार आली, आई रडली, आणि पुढे पुष्कळ वर्षे त्या मुलाचे नाव कोणी काढले नाही.

१९८७ साली ताईचे लग्न होऊन ती इंदुरास आली. सासर चांगले, मेहुणे शांत स्वभावाचे. पण हिवाळा लागला की ती रात्री उठून खिडक्या लावी आणि ओले पंचे पिळून दारांच्या फटींत कोंबू लागे. गॅसच्या शेगडीचा फुसकारा ऐकून ती अंगणात धावे. फोडणीत मिरची जळून घरात ठसका उठला की तिच्या डोळ्यांसमोरचा ओटा, भांडी, भिंत, सारे नाहीसे होई आणि त्या जागी धुरकट गल्ली येई. मोरीच्या बाजूने पांढरा धूर सरपटत येताना तिला दिसे. आणि पाठीमागून आवाज येई: “ताई, थांब.” हा आवाज मनातल्या मनात येणारा नव्हता. कानाने ऐकू येणारा, दिशा असलेला आवाज होता तो. ती वळून पाही. मागे कोणी नसे.

सिनेमात ‘फ्लॅशबॅक’ असतो तो आपण खुर्चीत बसून, शेंगदाणे खात पाहतो. या विकारालाही डॉक्टर तोच शब्द वापरतात, पण इथे प्रेक्षक खुर्चीत नसतो. तो पडद्याच्या आत असतो आणि बाहेरचा रस्ता त्याला ठाऊक नसतो. ताई म्हणते, “मला ती रात्र आठवत नसे. मी त्या रात्रीत असे.”

ताईच्या सासूबाई प्रेमळ होत्या. सुनेला बाहेरचे काही झाले, असे त्यांना वाटले. त्या काळी कोणत्याही घरात तेच वाटले असते. शनिवारी तिन्हीसांजेला तिला पाटावर बसवून त्या दृष्ट काढीत. वाचकांना सांगायला नको की दृष्ट कशाने काढतात: मीठ, मोहऱ्या आणि सुक्या लाल मिरच्या. त्या तिच्यावरून उतरवून निखाऱ्यावर टाकीत. मिरची जळताना ठसका आला नाही, तर दृष्ट लागली होती असे समजायचे. आणि ठसका आला तर? तो तर दर वेळी येई, आणि ताई पाटावरून उठून किंचाळत रस्त्यावर जाई. सासूबाईंना वाटे, बाधा जबर आहे. पुढच्या शनिवारी मिरच्या वाढत. हे कित्येक महिने चालले. या गोष्टीत दुष्ट असे कोणीच नाही, हे आम्हांस अधिक भयंकर वाटते.

ओल्या पंच्यांचेही तसेच. घरातील मंडळी त्याला ‘नाद’ म्हणत. वस्तुतः त्या रात्री तोंडावर ओला कपडा धरला असता तर अनेकांचे पुष्कळ निभावले असते, हे नंतर जाणकारांनी सांगितले. ज्या क्षणी सांगायला हवे होते त्या क्षणी भोपाळला ते कोणी सांगितले नाही. ताई ते पुढे वर्षानुवर्षे करीत राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला जे निरर्थक दिसते त्याला आतून असा चोख अर्थ असतो.

आवाजाची गोष्ट मात्र तिने १६ वर्षे कोणाला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. तिचे म्हणणे असे, की धुराची भीती तिला सोसवत होती. ‘मला वेड लागत आहे’ ही भीती सोसवत नव्हती. आवाज ऐकू येतो म्हटले की माणसाला कोठे नेतात हे तिने ऐकले होते. दोन लहान मुले होती. ती गप्प राहिली, आणि आपण कोणाच्या नजरेत तर आलो नाही ना, म्हणून शेजारणींपासून, लग्नकार्यांपासून, शेवटी भिशीच्या बायकांपासूनही दूर होत गेली. हा विकार आणि चित्तविकृती, ज्याला सायकोसिस म्हणतात, यांची गल्लत होण्यास हेही एक कारण असते. भ्यालेला माणूस एकटा राहतो, दचकतो, संशयाने पाहतो. आणि पाहणारा निदान करून मोकळा होतो.

२००३ साली मेहुण्यांनी तिला एका डॉक्टरांकडे नेले. “आवाज येतात” एवढे शब्द कानी पडताच त्यांनी चिठ्ठी लिहिली. औषधाने ताई दिवसभर झोपू लागली, बोलणे जड झाले, आणि जागी असेल तेव्हा आवाज तोच. काही वर्षांनी, दुसऱ्या गावच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी मात्र लेखणी बाजूला ठेवून विचारले, “आवाज कोणाचा आहे?” तिला हा प्रश्न त्याआधी कोणी विचारलाच नव्हता. मग त्यांनी विचारले, तो काय म्हणतो, कोणत्या महिन्यात अधिक येतो, त्या आधी कसला वास, कसला आवाज झालेला असतो, आणि तो गेल्यावर तुम्ही कोठे आहात हे तुम्हांला किती वेळाने उमगते. तासाभराने ते म्हणाले, “बाई, तुम्ही ऐकता ते घडलेले आहे. ते आज घडत नाही, एवढाच काय तो फरक.” ताई सांगते, त्या दिवशी ती दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली.

या विकाराला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत पी. टी. एस. डी. त्यात काय होते हे आम्ही आमच्या व्यवसायातील उपमेने सांगतो. शाळेत येणारा प्रत्येक कागद आवक-जावक रजिस्टरात चढतो, त्यावर दिनांकाचा शिक्का पडतो आणि मग तो फायलीत जातो. पुढे दहा वर्षांनी तो हाती आला तरी शिक्का पाहून कळते, की हे प्रकरण जुने आहे. मेंदूतही आठवणींना काळ-वेळ जोडून ठेवणारा एक भाग आहे, हिप्पोकॅम्पस. आणि धोक्याची घंटा वाजवणारा दुसरा, अमिग्डाला. जिवावरच्या भयात घंटा इतकी जोरात वाजते की शिक्का मारण्याचे काम नीट होत नाही. मग तो वास, तो आवाज, तो घसा आवळणे, सारे सुट्या कागदांसारखे तारखेविना पडून राहते. केव्हातरी तसलाच वास आला की ते कागद टेबलावर येतात, आणि त्यांवर तारीख नसल्यामुळे मेंदू ते आजचेच समजतो. अंगाला घाम फुटतो तो खरा, छाती धडधडते ती खरी.

चित्तविकृतीत बहुधा वेगळे घडते. तेथे रेडिओवरची बाई आपल्याविषयीच बोलते, शेजारी अन्नात काही कालवतात, कोणी आपले विचार काढून नेते, अशा समजुती असतात. त्या भूतकाळातील एखाद्या प्रसंगाशी जुळत नाहीत, आणि कितीही समजावले तरी हलत नाहीत. बोलण्याचा धागाही तुटू लागतो. आघाताच्या विकारात भास प्रायः घडलेल्या गोष्टीचाच असतो, कशाने तरी चाळवला जातो, काही क्षणांनी वा तासाभराने ओसरतो, आणि ओसरल्यावर माणूस कोठे आहे हे जाणतो. हे आम्ही ‘बहुधा’ आणि ‘प्रायः’ म्हणून लिहितो ते जाणूनबुजून. सीमारेषा इतकी सरळ नाही. तीव्र आघात सोसलेल्या काही माणसांना प्रसंगाशी थेट न जुळणारे आवाजही ऐकू येतात. काहींना दोन्ही विकार एकत्र असतात. आणि थायरॉईड, अपस्मार, ताप, दारू हीदेखील भासांची कारणे असू शकतात. तेव्हा हे पान वाचून कोणी घरी निदान करू नये आणि चालू असलेल्या गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. आमचे म्हणणे इतकेच, की डॉक्टरांपुढे ‘आवाज येतो’ यावर थांबू नये. कोणाचा, काय, केव्हा, हेही सांगावे.

भोपाळच्या बाबतीत एक अभ्यास लक्षात घेण्यासारखा आहे. १९८५ च्या फेब्रुवारीपासून लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. बी. बी. सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुपीडितांच्या दहा दवाखान्यांतील ८५५ रुग्ण तपासले. त्यांपैकी १९३ जणांना, म्हणजे शेकडा २२.६ जणांना, मानसिक विकार आढळला. त्यांत पाचांत चार स्त्रिया होत्या. खिन्नता, चिंता, प्रसंगाशी जुळवून घेता न येणे असे ते विकार होते. चित्तविकृती क्वचितच आढळली. म्हणजे दवाखान्यांत रांगेने बसलेल्या त्या बायकांना वेड लागलेले नव्हते. त्या वेळी मध्य प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराचा अध्यापकच नव्हता, असे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचे डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांनी नोंदवले आहे. त्या संस्थेने मग १९८५ साली भोपाळच्या साध्या डॉक्टरांनाच या कामाचे शिक्षण दिले. ते शिक्षण ताईच्या गल्लीपर्यंत पोहोचले नाही. पण कोणी करू पाहिले, हे सांगितले पाहिजे.

जगातही या दुखण्याला नाव मिळण्यास वेळच लागला. पहिल्या महायुद्धात सैनिक थरथरू लागले, मुके झाले, तेव्हा १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टराने ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. पण त्याच युद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सेनेने ३०६ सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतील काहींना हाच विकार असावा असे आज मानतात. त्यांना क्षमा मिळाली ती २००६ साली. व्हिएतनामच्या युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आजचे नाव आपल्या ग्रंथात घातले. आपल्या लोकांना मात्र न बरी होणारी जखम फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा नर्मदेच्या काठी अजून भेटतो, असे परिक्रमावासी सांगतात.

ताईची जखम पुष्कळशी भरली आहे. उपचार दोन तऱ्हेचे झाले. सर्ट्रालिन नावाची गोळी, जी मुळात खिन्नतेवरची आहे आणि या विकारातही देतात. आणि एका प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ बाईंपुढे बसून ती रात्र थोडी थोडी, क्रमाने सांगणे. असे सांगणे जाणकारापुढेच करावे. ‘बोल, मन मोकळे कर’ म्हणून नातेवाइकांनी खोदून खोदून विचारू नये. त्याने जखम पुन्हा उकलते. ताईला पहिल्या पाच भेटींत ‘डिसेंबर’ हा शब्दही उच्चारता आला नाही. त्या बाईंनी घाई केली नाही. आरंभी त्यांनी तिला फक्त श्वास सावकाश सोडायला आणि पायाखालची फरशी जाणवून घ्यायला शिकवले. औषधाने पहिले काही आठवडे मळमळ झाली. एकदा तिने सगळे सोडून दिले होते. मेहुण्यांनी रागावल्यावाचून पुन्हा नेले.

घरच्यांनी काय करावे, हे ताईच्या सुनेकडून शिकावे. ताई जागच्या जागी गोठली की सून तिला धरून हलवीत नाही, ‘काही नाही हो, भास आहे’ असे म्हणत नाही (ज्याला धूर दिसतो त्याला धूर नाही असे सांगणे निरुपयोगी), आणि चार माणसे गोळा करीत नाही. ती समोर, दिसेल अशी उभी राहते आणि नेहमीच्या आवाजात सांगते: “आई, मी आहे. आपण इंदुरात आहोत. आज मंगळवार. हा बघा आपला ओटा.” गॅस बंद करते, हातात गार पाण्याचा पेला देते. ओट्यासमोर मुद्दाम कालनिर्णय टांगले आहे, आणि ताईने त्यावरची तारीख स्वतः वाचायची असा घरात रिवाज आहे. जो शिक्का तेव्हा पडला नाही तो आता असा हाताने मारायचा. पाच-दहा मिनिटांत ती परत येते. त्यानंतर कोणी काही विचारत नाही, चहा होतो.

आणखी एक गोष्ट लिहावीशी वाटते. ताईचा धोका भूतकाळातला आहे. पण ज्या स्त्रीला घरातच मारहाण होते, ज्या मुलाला घरातल्याच कोणाचे भय असते, त्यांना ‘ते आता होऊन गेले’ असे सांगणे खोटे ठरते. तेथे आधी धोका दूर केला पाहिजे, गोळी नंतर. शाळेत दार आपटले की बाकाखाली वाकणारे मूल आम्ही पाहिले आहे. अशा मुलाला विचित्र म्हणण्याआधी त्याच्या घरी कोण दार आपटते, हे पाहावे.

२०२५ च्या १ जानेवारीच्या रात्री भोपाळच्या त्या कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा १२ बंद वाहनांतून निघाला आणि जाळण्यासाठी पीथमपूरला, म्हणजे आमच्या इंदुराच्या अगदी शेजारी, आणला गेला. दूरदर्शनच्या पडद्यावर वाहनांची रांग दिसत होती. लोकांना भीती वाटत होती आणि पीथमपूरला मोठे आंदोलनही झाले. ताई त्या रात्री पंचे भिजवून दारापाशी बसली. मुलाने टीव्ही बंद केला. तिने तो पुन्हा लावायला सांगितला. सूनबाईने कालनिर्णयाचे नवे पान दाखवले: गुरुवार, २ जानेवारी. ताई म्हणाली, “तारीख कळते गं मला. पण या वेळी ते खरेच येते आहे ना?” याला उत्तर नव्हते. सून पंचे पिळू लागली.

त्या वर्षाच्या मध्यापर्यंत तो कचरा जाळून झाला. आवाज अजूनही वर्षातून चार-सहा वेळा येतो, डिसेंबरात अधिक. मिरचीची फोडणी घरात मुलगा देतो, खिडकी उघडून. ज्यांच्या घरी असे कोणी असेल आणि कोणाकडे जावे हे कळत नसेल, त्यांच्यासाठी शासनाची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवावा, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते.

येत्या २ डिसेंबरला ताईला भोपाळला जायचे आहे. ती त्या गल्लीत १९८७ नंतर गेलेली नाही. डॉक्टर ‘जा’ही म्हणाले नाहीत आणि ‘नको’ही म्हणाले नाहीत, सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत या, सोबत दोघे असा, असे म्हणाले. आम्ही बरोबर जाणार आहोत. तिकिटे अजून काढलेली नाहीत. ताई दर रविवारी ठरवते आणि सोमवारी बदलते.